जमिनीखालचा आवाज आणि आजचे संशोधन

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

विहार समितीने आम्हाला विषय दिला आहे ‘आधुनिक संशोधनाची विविधता : विज्ञान, संगणक आणि दूरसंचार’. विषयाची चिठ्ठी हातात पडली तेव्हा आम्ही गारच पडलो. एका तासात एवढे सांगायचे म्हणजे मांजरा नदी घागरीत भरून आणण्यासारखे आहे. म्हणून आम्ही एक युक्ती केली. सगळे जग न धुंडाळता आपण एकच पहाट घेऊ. ती पहाट इथे बसलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला पाठ आहे. तारीख ३० सप्टेंबर १९९३, वेळ तीन वाजून छप्पन्न मिनिटे.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगाव विसर्जन आटोपून माणसे उशिरा झोपलेली. अशा गाढ झोपेत किल्लारी आणि आसपासची गावे खाली बसली. आपल्या निलंग्यापासून किल्लारी सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर. आपणही त्या पहाटे अंगणात, रस्त्यावर, शेतात येऊन उभे होतो. लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. तेवढ्या तीव्रतेच्या भूकंपात जगात दुसरीकडे एवढी माणसे मरतातच असे नाही. आपल्याकडेच एवढी का मेली, हा आजच्या व्याख्यानातला पहिला प्रश्न समजा. उत्तराकडे आपण सावकाश जाऊ.

त्या दिवसांत कारणे सांगणारे पुष्कळ निघाले. कोणी म्हणे देवीचा कोप, कोणी म्हणे पाप वाढले. कोणी म्हणे माकणीच्या धरणात तेरणेचे पाणी अडवले त्याचा भार झाला. आता बघा, पहिल्या दोन कारणांचे काही करता येत नाही, कारण ती तपासता येत नाहीत. तिसरे मात्र तपासता येते. ते खोटे ठरले तरी चालेल, पण तपासता येते. संशोधन सुरू होते ते इथून. आणि हा प्रश्न अडाणीही नव्हता. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला, त्याचा आणि तिथल्या धरणाच्या जलाशयाचा संबंध शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे अभ्यासला, आणि धरणाच्या पाण्यामुळे भूकंपाला निमित्त मिळू शकते याचे कोयना हे जगभर सांगितले जाणारे उदाहरण झाले. कराडजवळ आता त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि तिथल्या माणसांनी कोयना भागात तीन किलोमीटर खोल विंधन विवर पाडून खडकाची तपासणी केली आहे. किल्लारीच्या बाबतीत धरणाचा संबंध बहुतेक अभ्यासकांनी मान्य केला नाही. निम्न तेरणाचा जलाशय कोयनेच्या मानाने उथळ आहे. तरी वाद झाला, शोधनिबंध लिहिले गेले, एकमेकांचे दोष काढले गेले. शेतकऱ्याने पारावर बसून काढलेला प्रश्न शास्त्रज्ञांनी गंभीरपणे घेतला, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो, राग मानू नये. आपल्यातले काही वक्ते ‘सगळे विज्ञान त्रिपिटकात आधीच सांगितले आहे’ असे म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. महापरिनिब्बान सुत्तात वैशालीच्या चापाल चैत्यापाशी भूकंप होतो तेव्हा भगवान बुद्ध आनंदाला भूकंपाची आठ कारणे सांगतात, असा प्रसंग आहे. त्यातले पहिले कारण असे की पृथ्वी पाण्यावर आहे, पाणी वाऱ्यावर आहे, मोठा वारा सुटला की पाणी हलते आणि पाण्यासोबत पृथ्वी हलते. हे कारण आजच्या ज्ञानानुसार बरोबर नाही. परंतु अडीच हजार वर्षांपूर्वी भूकंपाला वारा-पाण्याचे नैसर्गिक कारण असू शकते असा विचार त्यात आहे, ही मोठी गोष्ट. आणि ते बरोबर नाही असे म्हणण्याचा अधिकारही आपल्याला तथागतांनीच दिला आहे. केसपुत्त नगरातल्या कालामांना त्यांनी सांगितले ते तुम्ही दर पौर्णिमेला ऐकता. ऐकीव आहे, परंपरेत आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून बघा. ही पारख ग्रंथालाही लावायची असते.

बरं, शास्त्रज्ञ तरी त्या पहाटेपर्यंत बरोबर होते का? नव्हते. आपला दख्खनचा भाग म्हणजे जुना, घट्ट, स्थिर खडक, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, असा तोवरचा समज. देशाचा भूकंपप्रवणतेचा जो नकाशा तेव्हा प्रमाण मानला जाई, त्यात लातूरचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. विशेष म्हणजे १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला धक्के बसले होते, घरांना तडेही गेले होते. नकाशा मात्र तसाच राहिला. २००२ साली नवा नकाशा आला तेव्हा पहिला पट्टा काढूनच टाकला आणि आपला भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला. दहा हजार माणसांच्या मरणानंतर नकाशावरची एक रेषा सरकली. संशोधनाची ही रीत आहे. त्याला चूक कबूल करावी लागते, आणि कधी फार उशीर होतो.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला विवर पाडले. ६१७ मीटर खोल. त्यात काय निघाले ऐका. वरचे ३३८ मीटर आपला ओळखीचा काळा पाषाण, ज्यात तुमची-आमची विहीर खोदताना सुरुंग लावावा लागतो. हा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर. त्याखाली फक्त आठ मीटर जुना गाळ. आणि त्याच्याही खाली अतिप्राचीन कठीण खडक. आपण निलंग्याला जन्मलो, इथेच मरणार, आणि आपल्या पायाखाली काय आहे हे आपल्याला १९९३ नंतर कळले! भारताचा अवघा भूखंड वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो, आशियाला रेटतो, तिकडे हिमालय उभा राहतो. तो दाब इकडेही पोचतो, आणि एखाद्या जुन्या भेगेवर अचानक मोकळा होतो. किल्लारीला हे सुमारे दहा किलोमीटर खोलीवर झाले. एवढे उथळ, म्हणून वरचा हादरा एवढा भयंकर.

आता यंत्राकडे येऊ. भूकंपमापक यंत्राचे तत्त्व एसटीत बसून समजते. गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा तुम्ही-आम्ही हलतो, पण वरच्या दांड्याला लांब दोरीने टांगलेली जड पिशवी क्षणभर आपल्या जागी राहू पाहते. जड वस्तू टांगून ठेवा, जमीन हलली की वस्तू मागे राहते, त्या दोहोंतला फरक टिपा. झाले यंत्र. खरी गंमत त्याच्या पुढे आहे. भूकंपातून मुख्यतः दोन जातीच्या लाटा निघतात. पहिली वेगवान, सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. दुसरी मागून येणारी, सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर, आणि घरे पाडणारी हीच. वीज आधी दिसते, गडगडाट नंतर येतो आणि मधले अंतर मोजून आपण वीज किती लांब पडली ते सांगतो, तसेच हे. किल्लारीहून हैदराबाद सरळ रेषेत सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. पहिली लाट तिथे सदतीस-अडतीस सेकंदांत पोचणार, दुसरी एक मिनिटाच्या थोडी पुढे. मधल्या सेकंदांना ढोबळमानाने आठने गुणा, किलोमीटरमध्ये अंतर निघाले. पण दिशा? एका केंद्रावरून दिशा पक्की करणे कठीण. म्हणून तीन गावांच्या यंत्रांवरून तीन अंतरे घ्यायची, नकाशावर कंपासने तीन वर्तुळे काढायची, ती जिथे छेदतील तिथे भूकंप. सातवीच्या मुलाच्या कंपासपेटीत असलेले साधन आहे हे. आम्ही विहाराच्या वाचनालयात हा प्रयोग मुलांकडून करून घेतला, तेव्हा एका मुलीची वर्तुळे छेदेनात. तपासले तर तिने सेकंद चुकीचे वाचले होते. तिने ते स्वतःच शोधून काढले.

पूर्वी हे काम हाताने, कागदावर होई. आता शेकडो केंद्रांवरची नोंद सतत येत असते आणि हे गणित संगणक करतो. संगणकाचे नाव निघाले म्हणून पुण्याची एक हकिकत सांगतो. ऐंशीच्या दशकात हवामानासारख्या प्रचंड गणितांसाठी लागणारे अतिवेगवान संगणक अमेरिका आपल्याला हवे तसे देईना. तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली, डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख होते, आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यातली कल्पना आपल्या बायकांना लगेच कळेल. एकटी बाई दोन एकर रान किती दिवसांत खुरपेल? आणि चौसष्ट बायका एकेक पात धरून एकाच वेळी खुरपायला बसल्या तर? ‘परम’मध्ये असे चौसष्ट लहान गणकयंत्रे एकदम कामाला लावले होते. अवघड भाग खुरपण्यात नाही, पाती वाटून देण्यात आहे, कोणी रिकामे बसू नये, कोणी दुसऱ्याच्या पातीत घुसू नये यात आहे. (मुकादमाला विचारा!) त्या काळी ज्याचा एवढा गाजावाजा झाला, त्याहून जास्त ताकद आज तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. आपण तो कशासाठी वापरतो, ते आम्ही सांगायला नको.

हेच पाती वाटण्याचे गणित हवामानाच्या अंदाजात वापरतात. सगळ्या पृथ्वीवर जाळे टाकायचे, प्रत्येक चौकटीत वारा, ओल, उष्णता किती याचे गणित वेगवेगळ्या गणकाकडे द्यायचे. आधी ही चौकट बारा किलोमीटरची होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ नावाचा महासंगणक २०२४ मध्ये आला, आणि मे २०२५ पासून हवामान खात्याच्या अंदाजाची चौकट सहा किलोमीटरवर आली. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचे? पावसाळ्यात औराद शहाजानीला धो धो पडतो आणि कासारशिरसीला ढेकूळ भिजत नाही, हे आपण दरवर्षी बघतो. मोठ्या चौकटीच्या अंदाजाला हा फरक दिसतच नाही. लहान चौकटीला दिसण्याची शक्यता वाढते. खात्री मात्र अजूनही नाही. सोयाबीन पेरायचे की थांबायचे हा निर्णय शेवटी ज्याच्या खिशाला चाट बसणार त्यानेच घ्यायचा.

शेताचा विषय निघालाच आहे तर तुरीचेही ऐका, कारण संशोधन म्हटले की आपण पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या डोळ्यांसमोर आणतो. आपल्या मराठवाड्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीवरच्या वांझ रोगाला दाद न देणारे वाण काढले. बी.एस.एम.आर. ७३६ लाल तुरीसाठी आणि ८५३ पांढऱ्या तुरीसाठी. ८५३ चे दुसरे नाव ‘वैशाली’ आहे, विहारात सांगण्याजोगे! इकडे हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट संस्था आहे. तिच्या पुढाकाराने तुरीची संपूर्ण जनुकीय कुंडली वाचली गेली आणि २०११ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तुरीच्या दाण्यात अठ्ठेचाळीस हजारांवर जनुके सापडली. ही वाचायला संगणकच लागतो, कारण ही कुंडली तुकड्या-तुकड्यांत हाती येते आणि फाटलेल्या पोथीची पाने जुळवावीत तशी जुळवावी लागते. म्हणजे वरणात पडणाऱ्या डाळीमागे शेतात चिखल तुडवणारा माणूस आहे, सूक्ष्मदर्शकावर डोळे लावलेला माणूस आहे आणि गणित करणारा माणूस आहे. विषयातली ‘विविधता’ आम्ही समजतो ती ही.

दूरसंचाराचे थोडे बोलू. १९९३ ला आपल्याकडे फोन किती घरांत होते? पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवर रांगा. त्याही आधी लातूरला बोलायचे तर ट्रंक कॉल लावून ताटकळावे लागे. ते बूथ गावोगाव निघाले त्यामागेही संशोधन होते. परदेशी टेलिफोन केंद्रांना थंडगार खोली लागायची. आपल्या उन्हाळ्यात, धुळीत, वीज जाणाऱ्या गावात ती टिकणार कशी? १९८४ ला निघालेल्या सी-डॉट संस्थेतल्या अभियंत्यांनी खेड्यासाठी लहान केंद्र बनवले, ते वातानुकूलनाशिवाय चालायचे. पहिले केंद्र १९८६ साली कर्नाटकात कित्तूरला बसले. बाहेरची वस्तू आणून ती इथे का चालत नाही म्हणून कपाळाला हात लावण्याऐवजी इथल्या उन्हाला, धुळीला साजेल अशी वस्तू घडवणे, हे आम्हाला त्या काळातले सर्वांत शहाणे संशोधन वाटते.

आणि आता भूकंप, संगणक व फोन हे तिन्ही एकत्र कसे आले ते पाहा. मोबाईल आडवा केला की चित्र आडवे होते ना? त्यात हालचाल ओळखणारा बारीक भाग असतो. सप्टेंबर २०२३ पासून गुगलने भारतात अँड्रॉइड फोनसाठी एक सोय सुरू केली. उशाशी ठेवलेला फोन जमीन हलल्याचे ओळखतो आणि दूरच्या संगणकाला कळवतो. एका भागातल्या पुष्कळ फोनांनी एकदम कळवले तर संगणक ठरवतो की हा भूकंप आहे, ट्रक गेला नाही, आणि लांबच्या फोनांना इशारा देतो. घर पाडणारी लाट सेकंदाला साडेतीन किलोमीटर चालते, निरोप त्याच्या कित्येक पट वेगाने जातो. म्हणून लांबच्या माणसाला काही सेकंद मिळतात. पण नीट समजून घ्या. भूकंप सुरू झाल्यानंतरचा हा इशारा आहे, भविष्य नाही. आणि किल्लारीसारखा भूकंप पुन्हा तिथेच झाला तर निलंग्याला ती लाट सहा-सात सेकंदांत येईल. तेवढ्यात निरोप येईलच याचा भरवसा नाही.

हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण हासोरी. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या हासोरीला जमिनीतून गूढ आवाज यायला लागले. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये निटूर-डांगेवाडी भागात, मग लातूर शहरातही. तेव्हा आपल्या वस्तीत काय झाले ते आठवा. अमुक रात्री अमुक वाजता मोठा भूकंप होणार, असा निरोप मोबाईलवर फिरला. शिकलेल्या पोरांनीच तो पुढे ढकलला. म्हातारी माणसे लेकरं-बाळं घेऊन बाहेर झोपली. १९९३ पाहिलेल्या माणसाला आम्ही भित्रा म्हणणार नाही. पण तो निरोप पाठवणाऱ्याला एक प्रश्न कोणी विचारला नाही: बाबा रे, तुला कसे कळले? दिवस, वेळ आणि ठिकाण सांगून भूकंपाचे भाकीत करण्याची विद्या आज जगात कोणाकडेही नाही. जपानकडे नाही, अमेरिकेकडे नाही. तेव्हा वेळ घालून दिलेला निरोप उघडल्याबरोबर खोटा समजावा.

मग आवाज कशाचा? उथळ, लहान धक्क्यातली पहिली लाट जमिनीतून वर येते तेव्हा ती वरच्या हवेलाही थरथरवते. थरथर पुरेशी जलद असली तर कानाला ऐकू येते, तोफेसारखी किंवा दूरच्या सुरुंगासारखी. हासोरीला तज्ज्ञ येऊन गेले, काही धक्के यंत्रांवर नोंदलेही गेले, लहान लहान. हा लहानपणा किती, तर भूकंपाच्या मापात दोन अंकांचा फरक म्हणजे ऊर्जेत हजार पटींचा फरक. २.२ च्या धक्क्यापेक्षा किल्लारीचा ६.२ दहा लाख पटींनी मोठा. उलट लातूर शहरातल्या आवाजाच्या वेळी लातूर, औराद शहाजानी आणि आशिव या तिन्ही केंद्रांवर विचारले, तर तिथे कसलीच नोंद नव्हती. म्हणजे प्रत्येक आवाज भूकंपाचा असतोच असेही नाही. ‘यंत्रावर काही आले नाही’ हेही एक उत्तर असते, आणि ते ऐकून घेण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल.

आपल्याच मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला, जगातल्या सर्वांत नाजूक यंत्रांपैकी एक उभे राहायचे आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्याला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. नाव लायगो-इंडिया. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा काटकोनात, त्यात लेझरचा प्रकाश आणि टोकाला आरसे. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशातून जी लहर येते, तिने या भुजांची लांबी अणूच्या गाभ्यातल्या प्रोटॉनच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी बदलते, ती मोजायची. अमेरिकेतल्या अशा यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर पकडली. औंढ्याची जागा निवडताना जमीन शांत आहे, गाड्या-कारखान्यांची थरथर कमी आहे, हे पाहिले गेले. २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोलीला ४.५ चे धक्के बसले तेव्हा अनेकांनी विचारले, आता कसे? प्रश्न रास्त आहे. पण या यंत्राला वर्षातून एखादा धक्का जेवढा सतावत नाही तेवढी रोजची बारीक थरथर सतावते. जपानने तर भूकंपाच्या देशात जुन्या खाणीत असे यंत्र बसवले आहे. थरथरीपासून आरसे वाचवतात कसे? टांगून! एकाखाली एक असे चार लंबक, आणि शेवटच्याला आरसा. भूकंपमापकात, एसटीतल्या पिशवीत आणि कृष्णविवरे ऐकणाऱ्या यंत्रात तत्त्व तेच.

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येतो. ६.२ च्या भूकंपात आपल्याकडे एवढी माणसे का मेली? माळवदामुळे. दीड-दोन हात रुंद दगडी भिंती, दगड नुसत्या चिखलात रचलेले, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला, आणि वर लाकडी तुळयांवर टनावारी माती. उन्हाळ्यात गार, हे खरे. पण दरवर्षी पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची, काढायची कधीच नाही. जमीन हलली तशा भिंती फुटल्या आणि छत आले अंगावर. गवती छपरात झोपलेली माणसे वाचल्याचे तेव्हा फिरणाऱ्यांनी सांगितले. गावकुसाबाहेरच्या दारिद्र्याने त्या एका पहाटे जीव वाचवला, असे म्हणायला जीभ धजत नाही, पण तसे काही ठिकाणी घडले. यातून निघालेले संशोधन साधे आहे. दाराच्या माथ्यावरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा, दोन्ही बाजूंना पोचणारे आडवे दगड, आणि हलके छत. गवंड्याला समजेल एवढेच. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. तिथेही एक हिशेब होता. ज्याला जमीन नाही किंवा अगदी थोडी आहे त्याला २५० चौरस फुटांचे घर, मधल्याला ४००, मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता, पुनर्वसनाने पाहिला. हलके छत कसे बांधावे यावर संशोधन झाले; घराचे माप जमिनीवरून का ठरवावे, हा प्रश्न विचारणारा मात्र त्या बैठकीत आपल्यातला कोणी नव्हता.

म्हणून तरुणांना उद्देशून दोन शब्द. किल्लारीनंतर साडेतीन महिन्यांनी, १४ जानेवारी १९९४ ला, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. सोळा वर्षे लढा चालला होता, वस्त्या जळाल्या होत्या, माणसे गेली होती. दारावरचे नाव आपण मिळवले. दाराच्या आत ज्या प्रयोगशाळा आहेत, तिथे आपली किती पोरं-पोरी रात्री उशिरापर्यंत दिवा लावून बसतात? बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर लंडनला प्रबंध लिहिला तो १९२३ साली ग्रंथरूपाने आला. ते संशोधनच होते. १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढले आणि त्याला पुढे नाव दिले मिलिंद, परिसराला नागसेनवन. मिलिंद हा प्रश्नामागून प्रश्न विचारणारा राजा, नागसेन हा उत्तरे देणारा भिक्खू. विद्यार्थ्याने कोण व्हायचे ते नावातच सांगून ठेवले. आमचा लातूर पॅटर्न गुण मिळवायला शिकवतो, ते वाईट नाही, डॉक्टर-इंजिनिअर झालेच पाहिजेत. पण चार पर्यायांतून एक निवडण्याची सवय लागलेल्या मुलाला पाचवा पर्याय सुचणे कठीण जाते. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. ती सर्व पात्र मुलांना मिळावी म्हणून मुलांना आंदोलनेही करावी लागली. ज्यांच्या घरात असे मूल आहे त्यांनी ‘नोकरी कधी लागणार’ हा प्रश्न थोडा लांबवावा, एवढी विनंती.

हासोरीचे आवाज सुरू होते त्या दिवसांतली एक गोष्ट सांगून थांबतो. आमच्या गल्लीतल्या एका आजी रात्रभर बाहेर बाजेवर बसून असत. किल्लारीत त्यांचे माहेरचे घर गेले होते. त्यांनी आम्हाला विचारले, “बापू, खरं सांग, पुन्हा येतो का?” आम्ही म्हणालो, “आजी, येईल की नाही, कधी येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. पण तुमच्या माळवदावर माती किती आहे, हे आपल्याला आत्ता सांगता येतं.” आजी गप्प झाल्या. सकाळी त्यांनी नातवाला शिडी लावून वर चढवले आणि पहार खुपसून मोजायला लावले. दोन फूट भरली. पुढचे चार दिवस तो आणि त्याचे मित्र टोपल्यांनी माती खाली काढत होते.

जय भीम, नमो बुद्धाय.